मुलांच्या खोलीतले मफलर

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज इराला पाहिलं. पाच महिन्यांनी. पुढचे दोन दात पडलेत तिचे. मला कुणी सांगितलं नव्हतं.

कोर्टाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुलांची खोली आहे. भिंतीवर हत्ती-जिराफ रंगवलेत, खाली जाजम, कोपऱ्यात प्लॅस्टिकची घसरगुंडी. ज्यांच्या आईवडिलांची केस चालू आहे ती पोरं इथं येतात, आणि ज्याच्याकडे मूल राहत नाही त्यानं इथं बसून त्याला भेटायचं. आम्हांला पहिला आणि तिसरा शनिवार मिळालाय, अकरा ते एक. सुमंत नवा शर्ट घालून आला होता. मल्लेश्वरमच्या आमच्या घरून निघाल्यापासून तीनदा म्हणाला, "आई, तू कुठलाही विषय काढू नकोस हं."

सुप्रीता दाराशी इराला सोडून खाली गेली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आठ वर्षं माझी सून आहे ती.

सुमंतनं बाहुलीचं मोठं खोकं उघडून दिलं. "थँक यू अप्पा," इरा म्हणाली आणि बाहुली तिथंच ठेवून भिंतीकडे तोंड करून चित्र काढत बसली. दोन तास! हातांचं काय करावं कळेना, म्हणून पिशवीतून क्रोशाची सुई आणि लोकर काढली. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत विणते तसं विणायला लागले. थोड्या वेळानं सिद्धी नावाची एक सातेक वर्षांची मुलगी येऊन मांडीला खेटून बसली. "अज्जी, हे काय होणार?" "मफलर." "कुणाला?" मी म्हटलं, "तुला."

इरानं एकदा मान वळवून पाहिलं. एकदाच.

हे सगळं कशावरून, तर जूनमधल्या त्या रविवारी सुमंतच्या हेब्बाळच्या फ्लॅटवर बाल्कनीच्या दाराची कडी अडकली आणि इरा पाऊण तास बाहेर राहिली. नववा मजला, वारा फार. सुप्रीता बाहेरून आली तेव्हा पोर थरथरत होती. चार दिवसांत तिला घेऊन माहेरी गेली, आणि पुढच्या महिन्यात नोटीस. कडी अडकली यात कुणाचा काय दोष?

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आठव्या क्रॉसच्या बाजारात जाऊन लोकर आणली. पिवळी, निळी, आणि इरासाठी जांभळी. वीस साखळ्या घालायच्या, मग खांबाच्या, म्हणजे उंच टाक्यांच्या, ओळी. लहान मुलाच्या मफलरला तासनतास लागत नाहीत. त्या खोलीत मागच्या शनिवारी नऊ पोरं होती. सगळ्यांना एकेक केला तर इराही घेईल. एकटीला दिलं तर ती घेणार नाही असं का कोण जाणे वाटतंय.

सकाळी कुरिअरवाल्यानं दार वाजवलं आणि माझी अख्खी ओळ चुकली. हल्ली दार वाजलं की दचकायला होतं. बी.पी. तपासून घ्यायला हवं.

७ डिसेंबर, शनिवार

चार मफलर घेऊन गेले. सिद्धीला पिवळा घातला, ती नाचतच सुटली. पण एक वाजता तिची आई आली आणि मफलर पाहून भडकली. तिला वाटलं, नवऱ्याकडच्या कुणीतरी दिला. गळ्यातून काढून तो बाकावर टाकला. सिद्धी रडली नाही, नुसती आईचा हात धरून निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाग्यलक्ष्मी मॅडम तिथल्या समुपदेशक आहेत. कानडीतच बोलतात, आवाज हळू. त्यांनी मला बाजूला बसवून सांगितलं, "अम्मा, इथून घरी नेलेल्या वस्तूवरून घरी भांडणं होतात. मफलर खोलीतच ठेवा. आल्यावर घालतील, जाताना टोपलीत टाकतील. आणि आखूड करा, घसरगुंडीत अडकायला नकोत." मी "सरी मॅडम," म्हणून मान डोलावली. घसरगुंडीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. घरी येऊन आधी झालर कापून टाकली.

इराला जांभळा दाखवला. "नको अज्जी, टोचतं," म्हणाली. हात लावून पाहिलाही नव्हता. सुमंत म्हणाला, "अज्जीनं एवढं केलंय, घाल बघू." आवाज चढला नव्हता, खरंच नव्हता. पण तिचे खांदे एकदम कानांपर्यंत वर गेले. पहिल्यापासून भित्री आहे पोर.

११ डिसेंबर, बुधवार

सुमंतच्या वकिलांकडे गेलो, मकरंद म्हणून तरुण आहेत. माझं अफिडेव्हिट करायचं आहे, कारण त्या दिवशी मी फ्लॅटवर होते. सुमंतनं मजकूर आधीच सांगून ठेवला होता. मकरंदनी वाचून दाखवला: मी स्वयंपाकघरात होते, मिक्सर चालू असल्यानं मला काही ऐकू आलं नाही, कळल्याबरोबर मी आणि माझ्या मुलानं दार उघडायची खटपट केली, पण कडी अडकली होती.

मिक्सर चालू नव्हता खरं तर. पण असल्या बारीकसारीक गोष्टी कुणाला नेमक्या आठवतात?

"अम्मा, असंच झालं ना? काही चुकत असेल तर आत्ताच सांगा. उद्या कोर्टात त्यांचा वकील तुम्हांला प्रश्न विचारणार आहे," मकरंद म्हणाले. सुमंत माझ्याकडे बघत होता. दहावीच्या निकालाच्या दिवशी असाच बघत होता. मी म्हटलं, "असंच झालं." सात जानेवारीला सही.

घरी ह्यांना सांगितलं. हे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "घरातलं घरातच मिटवायचं असतं. सुमंतला लहानपणी मी कितीदा जिन्याखालच्या खोलीत कोंडलंय. बिघडला का?" खरंच आहे. चांगला इंजिनियर झाला. पण ह्यांनी कोंडण्याचा विषय का काढला? मी तर कडी अडकली एवढंच सांगत होते.

१४ डिसेंबर, शनिवार

आज भेटीचा दिवस नव्हता तरी अकरा वाजता आंघोळ करून तयार होऊन बसले. मग आठवलं. निळा मफलर उसवला, ओळी बेचाळीसऐवजी एकोणचाळीसच भरल्या होत्या. पुन्हा घातला.

उलटतपासणीत विचारलं, कडी आतल्या बाजूला होती की बाहेरच्या, तर काय सांगायचं? आतल्या. मग ती लागली कशी, असं विचारतील. सुमंतला विचारून घ्यायला हवं.

२१ डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहावं की नको.

खोलीत गारठा होता. सगळ्या पोरांनी टोपलीतून मफलर काढून घातले. आता सात झालेत. सिद्धीच्या आईनंही, खोलीत चालेल म्हणून परवानगी दिलीय. इरा आज बरी होती. सुमंतबरोबर चक्क सापशिडी खेळत होती, तो मुद्दाम हरत होता आणि ती दात नसलेलं हसत होती. मी देवाचे आभार मानत होते.

वारा यायला लागला म्हणून सुमंत उठला आणि त्यानं खोलीचं दार लावलं. नुसतं लोटलं नाही, वरची कडीही घातली, कारण ते सारखं उघडत होतं. इरा सोंगटी टाकून उठली. दाराजवळ जाऊन उभी राहिली. तिचा हात कडीला पुरत नव्हता. सुमंत म्हणाला, "थंडी येते राणी, राहू दे बंद." ती दारालाच चिकटून राहिली. पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं, "इरा, इकडे ये." मग मला तिच्या पायांशी जाजम ओलं झालेलं दिसलं.

भाग्यलक्ष्मी मॅडमनी आधी दार सताड उघडलं. मग तिला कपडे बदलायला घेऊन गेल्या. मला वाटलं होतं की आधी पोरीला धरतील. त्यांनी आधी दार उघडलं.

सुमंत गाडीत म्हणाला, "सुप्रीतानं तिच्या मनात काय काय भरवलंय बघ." मी म्हटलं, थंडीत होतं मुलांना असं. सुमंतलाही व्हायचं. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत व्हायचं.

२८ डिसेंबर, शनिवार

चार दिवस जेवण जात नाही. डॉक्टरांनी बी.पी. पाहिलं, ठीक आहे. "कसली काळजी आहे का?" विचारलं. मी नाही म्हटलं. आठवा मफलर पूर्ण केला. विणताना डोकं रिकामं राहतं असं लोक म्हणतात. माझं राहत नाही.

४ जानेवारी, शनिवार

इरा आज आपण होऊन माझ्याजवळ आली.

सुमंत फोनवर बोलायला बाहेर गेला होता. जांभळा मफलर सिद्धीच्या गळ्यात होता, इराची काही हरकत दिसली नाही. ती माझ्या सुईकडे बघत उभी राहिली. मी विचारलं, "शिकायचंय?" तिनं मान हलवली. मी दुसरी सुई दिली, पहिली गाठ घालून दिली. दोरा सुईवर घ्यायचा आणि गाठीतून बाहेर ओढायचा, झाली एक साखळी. चार-पाच सुटल्या, मग जमायला लागलं. तिच्या केसांना वेगळ्याच तेलाचा वास येत होता. मी काहीही न बोलता बसले होते. बोलले तर उठून जाईल असं वाटत होतं.

मग मान वर न करता ती म्हणाली, "अज्जी, त्या दिवशी तू पोळ्या करत होतीस."

मी विचारलं, "कुठल्या दिवशी?" का विचारलं? मला ठाऊक होतं कुठल्या दिवशी.

"मी बाल्कनीत होते तेव्हा. मला लाटण्याचा आवाज येत होता." तिनं आणखी एक साखळी ओढली. "मला तुझा आवाज येत होता, तर तुला माझा येत नव्हता का?"

तेवढ्यात सुमंत आत आला. ती मान खाली घालून साखळ्या ओढायला लागली. मीही माझी ओळ धरली.

५ जानेवारी, रविवार

आज लिहूनच टाकते. या वहीत तरी खोटं नको.

सुप्रीता भाजी आणायला खाली गेली होती. इरानं सुमंतच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर स्केचपेननं फूल काढलं. त्याची मीटिंग चालू होती. त्यानं तिला दंडाला धरून उचललं, बाल्कनीत ठेवलं, काचेचं दार ओढलं आणि कडी घातली. त्यानं घातली. अडकली नाही.

मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. आधी ती ओरडली. मग काच वाजवायला लागली, दोन्ही तळव्यांनी. मी दारापर्यंत गेले होते. सुमंत म्हणाला, "आई, उघडू नकोस. कळू दे तिला." मी म्हटलं, "स्वल्प वेळच हं," आणि परत फिरले. तो हेडफोन घालून मीटिंगला बसला.

एकवीस पोळ्या केल्या मी. घरात आम्ही चौघं, एकवीस कशाला लागतात? कणीक संपली तशी पुन्हा भिजवली. हात थांबले असते तर जाऊन दार उघडावं लागलं असतं.

नंतर काच वाजायची थांबली. मला वाटलं, बरं झालं, शांत झाली.

सुप्रीता आली. पिशवी हातातच होती तिच्या. एका बोटानं सरकली कडी.

७ जानेवारी, मंगळवार

सही केली नाही.

मकरंदच्या टेबलावर कागद तयार होता. मी म्हटलं, "वकीलसाहेब, मिक्सर चालू नव्हता. मला सगळं ऐकू येत होतं." सुमंत हसला, म्हणाला, "आई गोंधळलीय." मी म्हटलं, "गोंधळले नाही. कडी तू लावलीस. मी बघत होते." मकरंदनी पेनाचं टोपण लावलं आणि कागद फाइलीत घातला. "मग हे मी दाखल करू शकत नाही, सर," एवढंच म्हणाले.

सदाशिवनगरजवळ सुमंतनं रस्त्याच्या कडेला गाडी घेतली. "आता मला इरा कधीच मिळणार नाही. कळतंय तुला? तुझ्यामुळे."

मी म्हटलं, "ती दाराशी उभी राहिली तेव्हा तिला काय झालं ते तू पाहिलंस ना?"

तो स्टिअरिंगकडे बघत होता. "मला अण्णा कोंडायचे," म्हणाला. "जिन्याखाली. दिवा बाहेरून बंद करायचे. मी हाका मारायचो तुला. तेव्हा कुणाला सांगितलंस तू? तेव्हा कुठं होतीस?"

स्वयंपाकघरात होते मी.

घराजवळ सोडून तो निघून गेला. गाडीतून उतरला नाही.

८ जानेवारी, बुधवार

मी चहा ठेवला तेव्हा ह्यांनी अचानक विचारलं, "सुमंतला आठवतं ते?"

"हो."

"मला वाटलं विसरला असेल." कप तसाच ठेवून हे फिरायला गेले. दोन तासांनी आले. जिन्याखालच्या खोलीत आता जुने पेपर असतात. त्यांनी ते सगळे बाहेर काढले, रद्दीवाल्याला बोलावलं, आणि दाराची कडी स्क्रू काढून उपटली. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कडी काढून काय होणार, असं मनात आलं. पण त्यांना स्क्रू नीट दिसत नव्हते, म्हणून टॉर्च धरला.

१० जानेवारी, शुक्रवार

सुमंत फोन उचलत नाही. तीन दिवस झाले. त्याच्या बाबतीत मी नको नको ते विचार करते. एकटा असतो नवव्या मजल्यावर. आज हेच हेब्बाळला जाऊन आले. म्हणाले, "जेवतोय, ऑफिसला जातोय. मला आत घेतलं." "काय बोललात?" "काही नाही. बसलो होतो."

दुपारी रिक्षानं भाग्यलक्ष्मी मॅडमना भेटायला गेले. पाच तारखेला वहीत लिहिलं तसंच सगळं सांगितलं, पोळ्यांसकट. त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी खाली कानडीत सही केली, वसुमती रघुनंदन राव. त्यांनी मला चांगलंही म्हटलं नाही आणि वाईटही. भेटी बंद होतील का, असं विचारलं तर म्हणाल्या, "ते न्यायाधीश ठरवतील अम्मा. तोवर दार उघडं ठेवून, मी खोलीत असताना भेटी चालू राहतील. मुलाला सांगा, यायचं असेल तर यावं."

सुमंतला मेसेज पाठवला. निळी टिक आली. उत्तर नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

उद्या तो आला नाही तर मला आत सोडतील का? भेटीचा हक्क त्याचा आहे, माझा नाही. आणि तो आला तर? सगळ्यांसमोर काही बोलला तर? इरासमोर आवाज चढवला तर मग खरंच संपलं. आज सुईला हात लावला नाही.

१८ जानेवारी, शनिवार

मी मेट्रोनं गेले. पावणेअकराला पोचले तर सुमंत आधीच मुलांच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, हातात खेळणं नाही. माझ्यासाठी जरा सरकला.

भाग्यलक्ष्मी मॅडमनी त्याला आतल्या केबिनमध्ये नेलं. अर्धा तास झाला तरी दोघं बाहेर येईनात. इरा माझ्याजवळ बसून साखळ्या घालत होती, आता सुटत नाहीत तिच्या. मी तिच्या बोटांकडे आणि केबिनच्या दाराकडे आळीपाळीनं बघत होते. सिद्धी दोनदा म्हणाली, "अज्जी, तुम्ही का हलताय?"

तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. मला एकदम भीती वाटली. तो आमच्यापर्यंत आला, पण जवळ नाही बसला. दोन हात अंतर ठेवून जाजमावर मांडी घातली. त्याला धड मांडी घालता येत नाही, गुडघे वर येतात.

"इरा," तो म्हणाला, "दाराची कडी अडकली नव्हती. अप्पानं लावली होती. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

इरानं मान वर केली नाही. "मला माहितीये," ती म्हणाली. "मी तिथंच होते ना."

सुमंतचा चेहरा मला बघवेना. ती आपली साखळ्या मोजत राहिली, अठरा, एकोणीस. वीस झाल्यावर सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे वळली. "आणि अज्जी?"

मी ठरवून गेले होते की आज काही बोलायचं नाही, आज त्या दोघांचा दिवस. पण ती थांबली होती. मी म्हटलं, "मला ऐकू येत होतं इरा. सगळं. मी उघडायला हवं होतं, मी नाही उघडलं."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. माफ केलं असं काही नव्हतं तिच्या चेहऱ्यावर. नुसतं बघत होती.

"खूप थंडी होती," शेवटी म्हणाली.

"सांग," सुमंत म्हणाला. "आणखी काय झालं, सांग मला."

मग ती सांगायला लागली. शेजारच्या बाल्कनीतल्या कबुतराचं सांगितलं, खालच्या माणसाला हाक मारली आणि त्यानं वर पाहिलंच नाही ते सांगितलं, पाय कसे दुखले ते सांगितलं. मधेच विसरून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एक वाजला, सुप्रीता दाराशी येऊन उभी राहिली. भाग्यलक्ष्मी मॅडमनी तिला हातानंच थांब म्हटलं. इराचं संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत बसलो.